द्यातलोव खिंडीतले नऊ मृत्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘डायटलोव पास’चा एखादा व्हिडिओ रात्री अकराला बघायला घेतला की झोपेचं खोबरं ठरलेलं. कापलेला तंबू, बर्फात अनवाणी पावलं, किरणोत्सर्गी कपडे, जीभ नसलेला मृतदेह. सगळं एका दमात कानावर पडतं आणि शेवटी निवेदक म्हणतो, ‘हे रहस्य आजही कायम आहे’. खरं तर यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला, त्या नऊ जणांनी तंबू का सोडला? दुसरा, बाहेर पडल्यावर कोण कशाने गेलं? बहुतेक सिद्धांत पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचंही दिलं असं भासवतात. खालची उत्तरं वाचताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

नेमकं घडलं काय?

जानेवारी १९५९. स्वेर्दलोव्स्क (आजचं येकातेरिनबुर्ग) इथल्या उरल पॉलिटेक्निक संस्थेतले विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी उत्तर उरल पर्वतात स्कीवरून मोहिमेला निघाले. नेता इगोर द्यातलोव, वय २३. लक्ष्य ओतोर्तेन शिखर. निघाले दहा जण. वाटेत युरी युदिनला दुखण्यामुळे २८ जानेवारीला मागे फिरावं लागलं, म्हणून तो वाचला. १ फेब्रुवारीला उरलेल्या नऊ जणांनी खोलात स्याखल या डोंगराच्या उघड्या उतारावर तंबू ठोकला. त्याच रात्री सगळे तंबूबाहेर पडले आणि एकही परत आला नाही.

परत आल्यावर व्हिझाय गावातून १२ फेब्रुवारीच्या सुमारास तार करायची असं ठरलं होतं. तार आली नाही. मोहिमा लांबतात, म्हणून आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घरच्यांनी तगादा लावल्यावर २० फेब्रुवारीला शोध सुरू झाला. २६ तारखेला विद्यार्थ्यांच्याच शोधपथकातल्या मिखाईल शराविन आणि बोरिस स्लोबत्सोव यांना तंबू सापडला: अर्धवट कोसळलेला, वर बर्फ, आत बूट, जाकिटं, खाणं, पैसे, सगळं जागच्या जागी.

तंबूपासून साधारण दीड किलोमीटर खाली, जंगल जिथे सुरू होतं तिथे पाइनच्या एका मोठ्या झाडाखाली विझलेली शेकोटी आणि दोन मृतदेह सापडले, युरी दोरोशेंको आणि युरी क्रिवोनिश्चेंको यांचे. झाड आणि तंबू यांच्या मधल्या पट्ट्यात आणखी तिघं: द्यातलोव, झिनाईदा कोल्मोगोरोवा आणि रुस्तेम स्लोबोदिन. त्यांची तोंडं तंबूच्या दिशेला होती, म्हणजे ते परत चढत होते. उरलेले चौघं थेट ४ मे रोजी सापडले, झाडापासून पाऊणशे मीटरवरच्या घळीत, चार मीटर बर्फाखाली. ल्युदमिला दुबिनिना, सेम्योन झोलोतार्योव, निकोलाय तिबो-ब्रिन्योल आणि अलेक्सांद्र कोलेवातोव.

नवखी पोरं होती का? उघड्यावर तंबू लावलाच कसा?

अजिबात नवखी नव्हती. मोहीम तिसऱ्या श्रेणीची होती, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत वर्गवारीतली सर्वांत अवघड. झोलोतार्योव तर ३८ वर्षांचा, दुसऱ्या महायुद्धात लढलेला माणूस. खाली जंगलात उतरून मुक्काम करता आला असता, हे मात्र खरं. कदाचित चढून मिळवलेली उंची घालवायची नव्हती, कदाचित उघड्या उतारावर मुक्कामाचा सराव करायचा होता. शेवटच्या फोटोंपैकी एकात ते उडत्या बर्फात वाकून उतार खणताना दिसतात. तंबूसाठी सपाट जागा करायला त्यांनी उतारात पायरीसारखा काप घेतला होता आणि तळाला स्की अंथरल्या होत्या. हा काप आणि या स्की लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तंबू आतून कापला होता हे कशावरून?

कापडाच्या धाग्यांवरून. ही गोष्ट पहिल्यांदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या लक्षात आली, असं सांगतात. नंतर न्यायवैद्यक तपासणीत तेच सिद्ध झालं: तीन मोठे छेद, सर्वांत लांब ८९ सेंटिमीटरचा, सुरी आतल्या बाजूने चाललेली. बाहेरून कुणी हल्ला करून तंबू फाडला, ही गोष्ट इथेच बाद होते.

पण आतून कापला म्हणजे माणसं वेड्यासारखी पळाली, असंही होत नाही. उतारावर आठ-नऊ जणांच्या पावलांच्या खुणा सापडल्या. कुणाच्या पायात नुसते मोजे, कुणाच्या एकच बूट, तरी सगळे चालत गेलेले, एकमेकांच्या बरोबरीने. तंबूतून बाहेर पडण्यात घाई होती, उतरण्यात नव्हती. अनेक सिद्धांत इथेच अडखळतात.

एवढ्या थंडीत अंगावरचे कपडे का काढले?

बहुतेकांनी काढलेच नाहीत. तंबूत झोपायच्या तयारीत होते, तशाच कपड्यांत बाहेर पडले. झाडाखालचे दोघं आतल्या कपड्यांवर सापडले, कारण त्यांचे कपडे त्यांच्याच साथीदारांनी मृत्यूनंतर कापून घेतले. घळीतल्या दुबिनिनाच्या पायाला क्रिवोनिश्चेंकोच्या पँटचा तुकडा गुंडाळलेला होता. भुताटकीच्या व्हिडिओत हा तपशील सहसा येत नाही, कारण तो आला की गोष्ट भयाची न राहता जगण्याच्या धडपडीची होते.

हायपोथर्मियाच्या, म्हणजे शरीर जीवघेणं गारठण्याच्या, शेवटच्या टप्प्यात माणसाला खोटी उष्णता जाणवते आणि तो स्वतःच कपडे फेकतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. इथे मात्र त्याची फारशी गरज पडत नाही.

जीभ आणि डोळे कुणी काढले?

कुणी नाही. दुबिनिनाची जीभ आणि डोळे नव्हते, झोलोतार्योवचे डोळे नव्हते, हे शवचिकित्सेत नोंदलेलं आहे. पण हे मृतदेह तीन महिने पडून होते आणि घळीत वितळणाऱ्या बर्फाचं पाणी वाहत होतं. मऊ अवयव आधी जातात. कुजणं, पाणी आणि लहानसहान प्राणी एवढी कारणं पुरेशी आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठलेल्या अवस्थेत सापडलेल्या पाच जणांच्या बाबतीत असलं काहीच नव्हतं.

मग बरगड्या कशा मोडल्या? बाहेर तर जखम नव्हती म्हणतात.

सगळ्या प्रकरणातला खरा अवघड प्रश्न हाच. नऊपैकी सहा जण थंडीने गेले. स्लोबोदिनच्या कवटीला बारीक तडा होता, पण तोही गारठूनच मेला असं ठरलं. उरलेल्या तिघांचं वेगळं आहे. तिबो-ब्रिन्योलची कवटी दबून फुटलेली. दुबिनिना आणि झोलोतार्योव यांच्या अनेक बरगड्या मोडलेल्या, दुबिनिनाच्या तर दोन्ही बाजूंच्या, आणि हृदयात रक्तस्राव. वर त्या मानाने मोठी जखम नाही.

शवचिकित्सा करणारे बोरिस वोझ्रोझदेन्नी यांनी मे १९५९ च्या जबाबात सांगितलं की, एवढा जोर माणसाच्या हाताचा नव्हे. वेगातल्या मोटारीच्या धडकेसारखा किंवा स्फोटाच्या हवेच्या लाटेसारखा. या एका वाक्यावर पुढे क्षेपणास्त्रांचे आणि बॉम्बचे डोलारे उभे राहिले. पण हाडं मोडून कातडी शाबूत राहायला स्फोटच लागतो असं नाही. रुंद, जड आणि थोडं मऊ असं काहीतरी अंगावर दाबलं गेलं तरी तसंच होतं. बर्फ नेमका तसा असतो.

त्याच जबाबात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे कमी लोक बघतात. तिबो-ब्रिन्योल या जखमेनंतर स्वतःहून हालचाल करूच शकला नसता, आणि दुबिनिना दहा-वीस मिनिटांत गेली असावी, असं त्यांचं मत होतं. जखमा कुठे झाल्या या वादात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं.

स्थानिक मान्सी लोकांवर संशय होता ना?

होता, आणि पोलिसांनी त्यांना बराच त्रासही दिला. आधार काही नव्हता. तंबू आतून कापलेला, परक्या पावलांचा माग नाही, चीजवस्तू जागेवर. उलट मान्सी लोक शोधकार्यात मदतीला होते. ‘पवित्र डोंगरावर पाऊल ठेवल्याचा सूड’ वगैरे मसाला नंतरचा.

कपडे किरणोत्सर्गी होते हे खोटं का?

खरं आहे. घळीतल्या मृतदेहांवरच्या काही कपड्यांवर बीटा किरणोत्सर्गाचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळलं. धुतल्यावर ते बरंच उतरलं, म्हणजे धुळीसारखं वर चिकटलेलं होतं. आता पार्श्वभूमी बघा. क्रिवोनिश्चेंको चेल्याबिन्स्क-४० या गुप्त अणुशहरात, मायाक प्रकल्पात काम करत होता. सप्टेंबर १९५७ मध्ये तिथे किश्तिमची कुप्रसिद्ध दुर्घटना झाली होती, किरणोत्सर्गी कचऱ्याची टाकीच फुटली. आणि क्रिवोनिश्चेंकोचे कपडे इतरांच्या अंगावर गेले होते, हे वर आलंच आहे. तंबूबाहेर अणुबॉम्ब फुटला असता तर सगळ्यांच्याच सगळ्या कपड्यांवर माग राहिला असता.

आकाशात दिसलेले अग्निगोल?

दिसले होते, तारीख मात्र चुकीची लावली जाते. सर्वांत ठळक नोंद १७ फेब्रुवारी १९५९ ची आहे. त्या दिवशी आर-७ क्षेपणास्त्राची चाचणी झाली होती. तोवर हे नऊ जण जाऊन दोन आठवडे उलटले होते. १ फेब्रुवारीच्या रात्री प्रक्षेपण झाल्याची नोंद नाही.

या सिद्धांताला वजन मिळालं ते तपास अधिकारी लेव्ह इवानोव यांच्यामुळे. १९९० मध्ये त्यांनी स्वतःच लेख लिहून सांगितलं की अग्निगोलांचा मृत्यूंशी संबंध असावा असं त्यांना वाटत होतं आणि वरून दबाव आला होता. अधिकाऱ्याच्या शब्दाला मान द्यावा, पण तीस वर्षांनी सांगितलेल्या मताला पुरावा म्हणता येत नाही.

यती? केजीबी?

यतीबद्दल दोन ‘पुरावे’ फिरतात. एक, तिबो-ब्रिन्योलच्या कॅमेऱ्यातला झाडांमधल्या धूसर काळ्या आकृतीचा फोटो. ती आकृती हिवाळी कपड्यातला सोबती आहे हे उघड दिसतं. दुसरा, मुलांनी मजेमजेत काढलेल्या ‘संध्याकाळचा ओतोर्तेन’ नावाच्या भित्तिपत्रकातली हिममानवाची ओळ. कॉलेजच्या हस्तलिखितातला विनोद कुणी साक्ष म्हणून वाचत असेल तर त्याला काय म्हणावं!

केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेच्या, कथेत गटातले दोघं-तिघं छुपे हेर, ते परदेशी हेरांना डोंगरात किरणोत्सर्गी कपडे द्यायला निघालेले, आणि मग घात. वाचायला रंजक आहे. पण परदेशी हेर उणे तीस अंशात, मागे स्कीची एक रेघही न ठेवता आले आणि गेले, हे मानावं लागतं.

इन्फ्रासाउंड म्हणजे काय? वाऱ्याने माणूस वेडा होतो?

२०१३ मध्ये एका अमेरिकी शोधकर्त्याने ही कल्पना लोकप्रिय केली. डोंगरमाथ्यावरून वारा वाहताना दोन्ही बाजूंना आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यातून कानाला ऐकू न येणारा खर्ज तयार होतो आणि त्याने माणसाच्या मनात अकारण भीती दाटते, असा युक्तिवाद. भोवरे खरे. पण अशा आवाजाने नऊ अनुभवी माणसं एकाच क्षणी घाबरून बूट न घालता बाहेर पडली, याला दाखला नाही. आणि पावलं शांत होती, ते राहिलंच.

हिमस्खलनाचा सिद्धांत आता सिद्ध झाला आहे ना?

सिद्ध नव्हे, भक्कम झाला आहे. आधी तो कमकुवत का होता ते बघू. शोधपथकाला हिमस्खलनाची कसलीच खूण दिसली नव्हती. तंबूजवळ रोवलेल्या स्कीकाठ्या उभ्या होत्या. उताराचा सरासरी कोन जेमतेम २३ अंश, आणि हिमस्खलनाला साधारण ३० अंश लागतात असा ठोकताळा. शिवाय उतारात काप घेतल्यावर कित्येक तासांनी, सगळे आडवे झाल्यावर बर्फ घसरला, तो तेव्हाच का?

रशियन सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं. जुलै २०२० मध्ये त्यांच्यापैकी आंद्रेय कुर्याकोव यांनी निष्कर्ष जाहीर केला: बर्फ सरकला, मुलं बाहेर पडली, जवळच्या खडकांच्या आडोशाला गेली, पण वादळात काही मीटरपलीकडचं दिसत नव्हतं आणि तंबू पुन्हा सापडला नाही. मृतांच्या नातेवाइकांना हे पचलं नाही. एक आक्षेप रास्त होता: चौकशीने फक्त तीन शक्यता तपासल्या, हिमस्खलन, घसरलेला थर आणि वादळ. तिन्ही नैसर्गिक, घातपाताचा विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवला होता.

खरी भर घातली ती स्वित्झर्लंडमधल्या योहान गोम आणि अलेक्सांडर पुझरिन या दोन शास्त्रज्ञांनी, जानेवारी २०२१ मध्ये. त्यांनी भलंमोठं हिमस्खलन गृहीत धरलंच नाही. त्यांच्या गणितात काही मीटर लांबीची, घट्ट झालेल्या बर्फाची एक लादी आहे. तंबूच्या जागी उतार सरासरीपेक्षा जास्त, सुमारे २८ अंश. खाली भुसभुशीत, कमजोर थर. वरच्या बर्फाचा आधार मुलांनी कापून काढलेला. त्यात माथ्यावरून वाहणारा वारा रात्रभर तंबूच्या वरच्या अंगाला नवा बर्फ आणून टाकत होता. भार हळूहळू वाढला आणि काही तासांनी लादी सुटली. उशीर का झाला, याचं उत्तर हे. आणि लादी एवढी लहान की तीन आठवड्यांच्या वाऱ्यानंतर तिचा मागमूस उरणार नाही.

जखमांसाठी त्यांनी १९७० च्या दशकातल्या मोटार-अपघात चाचण्यांची आकडेवारी वापरली, आणि बर्फाच्या हालचालीसाठी डिस्नेच्या ‘फ्रोझन’ या चित्रपटाकरता तयार झालेल्या पद्धतीची मदत घेतली. (बातम्यांत हेच जास्त गाजलं.) माणूस पाठीखाली कडक स्की घेऊन झोपला असेल तर एवढ्याशा लादीनेही बरगड्या मोडू शकतात, असं त्यांचं गणित सांगतं. नंतरच्या हिवाळ्यांत तिथे गेलेल्या मोहिमांना त्याच परिसरातल्या उतारांवर ताज्या हिमस्खलनांच्या खुणाही सापडल्या. ‘तिथे हिमस्खलन होतच नाही’ हे पालुपद त्यानंतर बंद व्हायला हवं होतं.

तुम्हाला ते पटतं का?

अर्धं. तंबू सोडण्याचं कारण म्हणून पटतं. अंधारात तंबूवर बर्फ कोसळला, दार दबलं, वरून आणखी येईल ही भीती. अशा वेळी कापड फाडून बाहेर पडायचं आणि उतारापासून लांब जायचं, हे शहाण्या माणसाचं वागणं आहे. चुकीचं ठरलं ते एवढंच की थंडी बर्फापेक्षा घातक होती.

तिघांच्या जखमा तंबूत झाल्या, हे मात्र पटत नाही. डॉक्टरांचं म्हणणं वर दिलंच आहे. कवटी फुटलेला आणि बरगड्या मोडलेले दोघं अंधारात दीड किलोमीटर नेले, तर ओढल्याच्या किंवा वाहून नेल्याच्या खुणा हव्यात. खुणा तर आठ-नऊ जण चालल्याच्या. गोम आणि पुझरिन म्हणतात की जखमा गंभीर होत्या, तरी लगेच जीव घेणाऱ्या नव्हत्या. दुबिनिनाच्या बाबतीत ते मान्य करणं जड जातं. शिवाय तिबो-ब्रिन्योल आणि झोलोतार्योव हे दोघं इतरांपेक्षा नीट कपड्यांत होते, पायात बूट होते. घटना घडली तेव्हा ते तंबूबाहेर असावेत, असं यावरून अनेकांना वाटतं. तसं असेल तर लादीखाली ते सापडलेच कसे?

आता घळ बघा. तिथे त्यांनी लहान झाडांचे शेंडे तोडून, अंथरून, बर्फात आडोसा केला होता. खाली पाणी वाहणारी, वर बर्फाचा जाड थर असलेली घळ. असा थर पायाखाली खचणं किंवा खणताना वरून अंगावर येणं सहज शक्य आहे. कित्येक टन बर्फ आणि खाली दगड. जखमी झालेले तिघंही नेमके त्या घळीतच होते, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

हिमस्खलनाशिवाय नुसत्या वाऱ्याने असं होऊ शकतं?

होऊ शकतं. डोंगरावरून अचानक कोसळणारा जड, थंड वारा तंबूच उडवून नेईल असा असतो. फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वीडनमधल्या अनारिस डोंगरात अशाच वाऱ्यात नऊ स्कीवाल्यांपैकी आठ जण मेले. द्यातलोव प्रकरणाशी साम्य शोधणाऱ्यांनी हे उदाहरण पुढे आणलं ते योग्यच. या मताप्रमाणे मुलांनी तंबू स्वतःच दाबून ठेवला आणि वारा कमी होईपर्यंत जंगलात आसरा घ्यायचं ठरवलं. मला हे दुसऱ्या क्रमांकाचं उत्तर वाटतं. अडचण एकच: असं ठरवून निघालेली माणसं बूट घालतात.

सोव्हिएत सरकारने लपवाछपवी केली नाही असं म्हणायचंय का?

केली, पण ती व्यवस्था मुळातच तशी होती. २८ मे १९५९ ला तपास बंद झाला, ‘ज्यावर मात करणं माणसांना शक्य नव्हतं अशी नैसर्गिक शक्ती’ असं मोघम कारण देऊन. कागद बासनात गेले, तो भाग काही काळ हौशी मोहिमांसाठी बंद राहिला. तपासाच्या कागदांत एका साक्षीवर ६ फेब्रुवारी ही तारीख आहे, तंबू सापडायच्या वीस दिवस आधीची. घातपातवाल्यांचं हे हुकमी पान. मार्चऐवजी फेब्रुवारी लिहिणारा कारकून मला गुप्त कटापेक्षा जास्त संभाव्य वाटतो, पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ‘लिहिताना चुकलं असेल’ हे उत्तर पुरणार नाही, हेही समजतं.

मग न सुटलेलं काय उरतं?

तंबूच्या कापडावर एक टॉर्च पडलेली होती. तिच्याखाली पाच-दहा सेंटिमीटर बर्फ होता, तिच्यावर नव्हता, असं स्लोबत्सोवने सांगितलं. लादी कोसळल्यावर कुणीतरी ती वर ठेवली का? मग ती हातात धरून का नेली नाही? पाइनच्या झाडाच्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या होत्या, तंबूच्या बाजूच्या. लाकडासाठी, की वर चढून तंबू दिसतो का बघायला? क्रिवोनिश्चेंकोचा पाय भाजलेला होता, म्हणजे शेकोटी पेटलेली होती आणि ऊब पोचत नव्हती. मग दोघं शेकोटीपाशी आणि चौघं घळीत अशी फूट आधी पडली, की दोघं गेल्यावर उरलेले कपडे घेऊन तिकडे सरकले? कपड्यांवरून दुसरी शक्यता जास्त वाटते. क्रम पक्का लावता येत नाही. त्या रात्रीची वही कुणी लिहिली नाही, उपलब्ध डायरीतली शेवटची नोंद ३१ जानेवारीची आहे.

वाचलेल्या युदिनचं काय मत होतं?

त्याला नैसर्गिक कारण कधीच पटलं नाही. तपासात साथीदारांच्या वस्तू ओळखण्याचं काम त्याच्यावर आलं होतं. तो एप्रिल २०१३ मध्ये गेला, म्हणजे नवी सरकारी चौकशी आणि स्विस गणित या दोन्हींच्या आधी.

तिथे आज जाता येतं?

येतं. उन्हाळ्यात पायी, हिवाळ्यात स्कीवरून किंवा स्नोमोबाइलने. खिंडीला द्यातलोवचं नाव दिलेलं आहे आणि तिथल्या खडकावर नऊ जणांच्या स्मृतीची पाटी आहे.